काकीची शमी

आमच्या धाकट्या काकांना माझी आठवण दोनच कामांसाठी येते. कुणाच्या पोराला कॉलेजात प्रवेश हवा असला तर, नाहीतर कुणाचं नाक कापायचं असलं तर. मी रत्नागिरीत वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या मे महिन्यात त्यांचा फोन आला तो दुसऱ्या कामासाठी. म्हणाले, गावी ये, एक झाड ओळखून दे.

झाड कुठलं ते मला फोनवरच कळलं. मधल्या काकीच्या दारातली शमी. मधल्या काकांनी खेडच्या बाजारात कुणा रोपवाल्याकडून ते रोप आणलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. आमच्याकडच्या पावसात शमी काही नीट जगत नाही. हे झाड मात्र बघता बघता कौलांच्या वर गेलं. काकीला मूलबाळ नाही. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नाही, बारशाला गेली तरी मागे बसते. पण गणेशचतुर्थीच्या पहाटे अख्खी वाडी पत्रीची तबकं घेऊन तिच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभी असायची. झाडाला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. स्वतः डहाळी खुडायची, प्रत्येकीच्या तबकात ठेवायची, तोंडभर चौकशी करायची. विधवेच्या हातची पत्री देवाला चालते का, हे त्या दिवशी कुणाच्या मनात येत नसे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसंच शास्त्रही नसतं.

ती शमी नाही हे मला कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं. शमीला बारीक काटे असतात, फुलांचे पिवळे तुरे असतात. हिला काटा म्हणून नाही, फुलं पांढरी, गोंड्यासारखी, आणि चपट्या तपकिरी शेंगांचे घोसच्या घोस. सुबाभूळ. परदेशातून आलेली आणि जाईल तिथे पसरणारी. मी बोलले नव्हते. गणपतीची तक्रार नव्हती, मी कोण लागून गेले?

गावी पोचले तर काकांनी खळ्यात माणसं जमवून ठेवलेली. मुंबईची नोकरी संपवून त्यांनी काकीच्या घराला लागूनच नवं घर बांधलं होतं, आणि गाडी आत घ्यायला झाड आडवं येत होतं. हे ते बोलले नाहीत. बोलले ते बियांबद्दल. दगडी गडग्यापलीकडे त्यांच्या आंब्याच्या कलमांखाली सुबाभळीची रोपं तणासारखी माजली होती, आणि ते खरं होतं. मी म्हटलं, दरवर्षी रोपं उपटा, शेंगा पिकायच्या आत काढून टाका, झाड राहू दे. ते म्हणाले, उपाय विचारला नाही, नाव विचारलंय.

काकी पदराला हात पुसत पुढे आली. तिला काळजी नव्हतीच. शिकलेली पुतणी आली होती ना.

"सांग गो बाय त्यांना. शमीच ना ही?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण शेंगा सगळ्यांच्या डोक्यावर लोंबत होत्या.

"सुबाभूळ आहे, काकी."

काकांनी लगेच खिशातून मोबाईल काढला. झाडाचा फोटो आणि खाली तेच नाव, आधीच शोधून ठेवलेलं. मला म्हणाले, "शमीवर कोयता घातला असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून तुला बोलावली." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या बायका मात्र काकीकडेच बघत होत्या, जणू इतकी वर्षं तिने मुद्दाम देवाला फसवलं. त्यातली एक हे मोठ्याने बोललीसुद्धा. काकी आत गेली. संध्याकाळपर्यंत झाड आडवं झालं, आणि बुंधा पुन्हा फुटू नये म्हणून काकांनी त्यावर डिझेल ओतलं.

चतुर्थीला काकीच्या खळ्यात कोणी आलं नाही. ती नेहमीसारखी पहाटे उठून, अंगण सारवून दारात बसली होती.

आमचा घरचा गणपती आता काकांच्या नव्या घरात बसतो. पूजा झाली, मी पाया पडायला वाकले आणि थांबले. दूर्वांच्या शेजारी तीच पानं. डहाळीला एक चपटी शेंगसुद्धा होती. मी काकांना सरळ सांगितलं, ही पण सुबाभूळच. त्यांनी मखरातला दिवा नीट केला.

"बाजारातून विकत आणलीय. गुरुजींनी मंत्र म्हणून वाहिलीय. आता ती शमीच."

मे महिन्यात मोठ्याने बोललेली शेजारीण तिथेच बसून मोदक खात होती. तिलाही ऐकू गेलं होतं.

दुपारी काकी आली, मागच्या दाराने. मखरासमोर उभी राहिली आणि तिची नजर त्या डहाळीवर गेली. तिला माझ्यासारखी शेंग बघावी लागली नाही. आपल्या दारातलं पान तिला लांबूनच कळलं. तिचं तोंड एकदम उजळलं, लहान पोरीसारखं. तिने पुढे होऊन पानाला हात लावायला हात लांब केला.

काकांची सून प्रसाद वाटत होती. तिने हातातलं ताट मध्ये धरलं.

"काकी, हात नका लावू. शमी आहे ती."