पेंटरचा आठ

अठरा नोव्हेंबरला सकाळी सव्वादहा वाजता पेंटरने परवाना कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीत तीनशे वीस रुपये भरले आणि पावती वहीत ठेवली. वय त्रेपन्न. रांगेतली बाकीची मंडळी त्याच्या मुलीच्या वयाची. "काका, मुलाचं लायसन का?" असं एकाने विचारलंसुद्धा.

पेंटरने तीस वर्षं बस डेपोत काढली होती. बसच्या कपाळावरच्या पाट्या रंगवणं हे त्याचं काम. पिवळ्या पाटीवर काळा आकडा, त्याखाली शेवटच्या थांब्याचं नाव. गेल्या वर्षी पाट्या गेल्या, दिव्यांचे फलक आले आणि त्याचे ब्रश डब्यात वाळून काठीसारखे झाले. डेपो मॅनेजर माणूस भला. ते म्हणाले, "रस्त्यावरच्या थांब्यांच्या दोनशे दहा पाट्या रंगवायच्या आहेत. दोन वर्षं पुरेल एवढं काम आहे. पण व्हॅन स्वतः चालवावी लागेल, मी ड्रायव्हर देऊ शकत नाही. एक डिसेंबरपर्यंत पक्कं लायसन दाखवा, नाहीतर काम बाहेर जाईल."

घरी बायकोने हे ऐकलं आणि हातातली परात खाली ठेवली.

"अहो, ब्रेक करकरतो म्हणून सायकलच्या ब्रेकला तेल पाजणारा माणूस तुम्ही! तुम्ही व्हॅन चालवणार?"

"त्याला पंचवीस वर्षं झाली."

"भिंतीला खड्डा अजून आहे."

एवढं बोलून झाल्यावर शिकवणीचे पैसे मात्र तिनेच काढून दिले.

मोटार स्कूलच्या मास्तरांनी त्याला सहा आठवडे शिकवलं. "पेंटर, क्लच असा फटकन सोडू नका. भरलेल्या रंगाच्या डब्याचं झाकण काढतो ना आपण, तसा सोडा." हे त्याला चटकन कळलं. गाडी मागे घेताना मात्र घाम फुटायचा. शेवटी तेही जमलं. दोन रेघांमधून व्हॅन मागे नेताना चाक रेघेला शिवेनासं झालं. "झालं तुमचं काम," मास्तर म्हणाले. "परीक्षेत मागे घ्यायलाच सांगतात."

पण त्या दिवशी मागे घेण्याच्या पट्ट्यावर एक चाक काढलेला ट्रक उभा होता. तपासणीस साहेबांनी त्याच्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि मैदानात एकापुढे एक ठेवलेल्या दोन रिकाम्या पिंपांकडे बोट केलं.

"आज रिव्हर्स नाही. त्या पिंपांना धरून आठ काढा."

यादीत पहिलं नाव पेंटरचं. त्याच्या जिवात जीव आला. आठ! तीस वर्षांत किती आठ काढले, त्याला गणती नव्हती. कार्यालयाच्या गाडीत तो बसला, आरसा नीट केला, क्लच झाकणासारखा सोडला. पहिल्या पिंपाच्या वरून निघाला, डावीकडून सरळ खाली उतरला, दुसऱ्या पिंपाखालून गोल वळण घेतलं आणि शेवटी उजवीकडे शेपूट हलकंच वर उचलून थांबला. हँडब्रेक ओढला.

साहेब चालत आले. "पुढे?"

"पुढे काय, साहेब?"

"आठ काढायला सांगितला होता."

"काढला की."

"अहो, पिंपांना वेढा कुठाय? हा धड अर्धासुद्धा नाही!"

पेंटरने मान बाहेर काढून धुळीतला चाकांचा माग पाहिला. "बरोबर आहे, साहेब. तुम्ही उलट्या बाजूला उभे आहात."

रांगेत पुढचा नंबर एका नर्सचा होता. गणवेशातच आली होती. ती हसायलाच लागली. "साहेब, काकांनी मराठी आठ काढलाय!"

साहेबांच्या मिशा हलल्या, पण आवाज तोच राहिला. त्यांनी कागदावर 8 काढून दाखवला. "गाडीने असा काढायचा असतो. मला नापास लिहावं लागेल. दुसऱ्या प्रयत्नाचे शंभर रुपये एक वाजायच्या आत भरलेत, तर आजच पुन्हा घेतो. नाहीतर सात डिसेंबर."

सात डिसेंबर म्हणजे काम गेलंच. पेंटरने खिसे उलटे केले. परतीच्या बसभाड्यासकट सत्तर रुपये. पाऊण वाजला होता.

"किती कमी पडतायत?" नर्सने विचारलं.

"राहू द्या हो."

"काका, रात्रपाळी करून आलेय, आग्रह करायची ताकद नाही. किती?"

"तीस."

तिने पर्स उघडली. "दान नाही हं. परत करायचे."

पैसे भरून तो पायरीवर बसला आणि पावतीच्या मागे पेन्सिलने इंग्रजी आठ गिरवत राहिला. आधी एकावर एक दोन शून्यं काढली. मग हात न उचलता, मध्ये रेघ ओलांडून. पंधरा-वीस झाल्यावर हाताला वळण सापडलं.

सगळ्यांच्या शेवटी त्याला बोलावलं. गाडी पहिल्या पिंपाला वेढा घालून मधून पार झाली, दुसऱ्याला फिरली आणि निघाल्या जागी येऊन थांबली. पिंपं जागची हलली नाहीत.

"आता कसा जमला?" सही करता करता साहेबांनी विचारलं.

"ब्रश उचलला नाही, साहेब."

तो बाहेर आला तेव्हा नर्स आपली परीक्षा देऊन केव्हाच निघून गेली होती. कुठल्या हॉस्पिटलात असते, हे त्याने विचारलं नव्हतं. भाड्याला पैसे उरले नव्हते. तो चालत घरी गेला.

पक्कं लायसन सव्वीस तारखेला टपालाने आलं आणि सत्तावीसला मॅनेजरांनी व्हॅनची किल्ली दिली. आजवर एकशे बारा पाट्या झाल्या आहेत. नर्सचे तीस रुपये द्यायचे आहेत.