शालनबाईंचे डोळे आणि समाधानची डीव्हीडी

काळेवाडीत समाधानचं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान आहे. माणूस कष्टाळू, पण सीझनमध्ये हाताला घाई फार. स्वरूपाच्या लग्नाचं चार तासांचं शूटिंग त्यानं एकाच डीव्हीडीत कोंबलं. मावेना म्हणून एक्सपोर्ट करताना बिटरेट, म्हणजे चित्राच्या प्रत्येक सेकंदाला मिळणारी जागा, पार खाली आणली. चेहरे फुटले, ओठांच्या जागी नुसते चौकोन दिसू लागले. ‘एवढं कोण निरखून बघतंय,’ असं म्हणून त्यानं डिस्क देऊन टाकली.

काही महिन्यांनी स्वरूपाचे वडील दत्तोबा फोटो काढायला आले. बोलता बोलता म्हणाले, "हिला नवा चष्मा केला, राव. तरी दिसंना. पाठवणीला पोरगी काय बोलली ते बघायला सारखी डीव्हीडी लावती. म्हणती, कान गेलं, आता डोळं बी चाललं."

समाधानला ती घाईत दिलेली डिस्क आठवली. स्वरूपाच्या आईला, शालनबाईंना, लहानपणी तापात बहिरेपण आलेलं. समोरच्याच्या ओठांवरून त्या बोलणं ओळखायच्या. पाठवणीच्या वेळी डोळे भरून आल्यानं लेकीचे शब्द निसटले होते आणि नंतर विचारलं तर स्वरूपालाही आठवेना. बँडच्या गोंगाटात ते दुसऱ्या कुणाला ऐकू आले नव्हते, डीव्हीडीतही नाहीत.

चष्म्यात काहीच खोट नव्हती. पण हे दत्तोबांना सांगायला त्याची जीभ उचलली नाही.

मूळ शूटिंग हार्डडिस्कवर होतं. दत्तोबा गेल्यावर त्यानं फक्त पाठवणीची वेगळी डिस्क केली, बिटरेट जमेल तेवढा चढवून. संध्याकाळी ती घेऊन तो संत तुकाराम नगरला त्यांच्या घरी गेला.

"मावशी, चूक माझी होती," तो पायांकडे बघत पुटपुटला.

"मान वर कर. खाली बघून बोललास तर मला कसं कळायचं?"

मग त्यांच्या डोळ्यांत बघून त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं. त्यांनी उठून डिस्क लावली. स्वरूपाचा चेहरा स्वच्छ उमटला आणि शालनबाई एकेक शब्द मोठ्यानं वाचू लागल्या, "आई, बाबा शिफ्टला गेल्यावर... दाराची बेल वाजली की... तुला कोण सांगणार गं?"

दत्तोबांनी तोंड फिरवलं. शालनबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि हसून नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, डोळे शाबूत आहेत माझे."

समाधानच्या पाठीवरून हात फिरवून त्या चहा ठेवायला गेल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.