कमिटीसमोर बाबा चालले

कैद्याच्या शब्दावर विसंबायचं नाही, हे मी जेलच्या नोकरीत अख्खी हयात पाळलं. शेवटच्या वर्षी मात्र एका म्हाताऱ्यानं मला असं तोंडघशी पाडलं की आजही आठवलं तरी डोकं तापतं.

तो छावणीतला टांगेवाला. दारूच्या भरात भागीदाराच्या डोक्यात पहार घातली आणि जन्मठेप घेऊन आमच्याकडे आला. माझ्या वाट्याला आला तेव्हा तो न्हाणीत घसरून खुबा मोडून घेतलेला, दवाखान्याच्या बराकीतला एक हडकुळा जीव होता. त्या बराकीवर मी हवालदार. कैद्यांना अरेतुरे करायची आमच्यात रीत, पण या माणसाला पहिल्या दिवसापासून माझ्या तोंडून ‘बाबा’ आणि ‘तुम्ही’च आलं. का, ते मला विचारू नका.

त्यांना संडासला न्यायचं म्हणजे काखेत हात घालून उचलायचं, बसल्यावर पुढून धरून ठेवायचं आणि तोंड दुसरीकडे फिरवायचं. आमच्या ट्रेनिंगमध्ये लाठी होती, बंदूक होती. म्हाताऱ्या माणसाला कसं धुवायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. भाकरी वरणात कुस्करून द्यायची, नखं काढायची, थंडीत पाय शेकायचे. बायको म्हणायची, “स्वतःच्या बापाचं एवढं केलं नाहीत.” खरंच होतं ते. माझ्या पाठीत चमक भरायची ती वेगळीच. तरी बाबा सगळा भार अंगावर टाकून “हळू हवालदारसाब, हाडं लई जुनी हायेत,” म्हणाले की मला हसू यायचं.

अशा म्हाताऱ्यांना लवकर सोडायची सोय असते. साहेब लोकांची कमिटी बसते. कैद्याला स्वतःचं स्वतः काहीच करता येत नाही अशी तिची खात्री पटली, तर त्याला घरी पाठवतात. मला निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. माझ्यामागं यांना कोण बघणार, हा घोर मला लागला. मी जाणार हे बाबांना मात्र सांगितलं नव्हतं. बदली असो की निवृत्ती, कैद्याला कळू द्यायची नाही, हा आमचा जुना शिरस्ता. कळलं की कुणी गळ्यात पडतं, कुणी जुनं उट्टं काढतं.

सुट्टीच्या दिवशी मी छावणीत त्यांच्या मुलाचं घर गाठलं. मुलगा रिक्षा चालवायचा. आधी दारातूनच बोलून त्यानं मला वाटेला लावलं. मी पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. शेवटी तो विरघळला. मागच्या पत्र्याच्या खोलीत त्यानं बाज टाकली, संडाससाठी मधोमध भोक पाडलेली लाकडी खुर्ची करून घेतली आणि मला कौतुकानं दाखवली. मी डॉक्टरांच्या मागं लागलो. मोठ्या साहेबांना शब्द दिला, “साहेब, हा माणूस धरल्याशिवाय उभासुद्धा राहत नाही.” बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते नुसते “व्हय, व्हय” करत राहिले.

कमिटीच्या दिवशी मी आणि एका शिपायानं त्यांना ऑफिसच्या दारापर्यंत उचलून आणलं. दारात बाबा म्हणाले, “सोडा.” मला वाटलं, टोपी नीट करायची असेल. आम्ही सोडलं. आणि हा माणूस कशाचाही आधार न घेता चालत टेबलापर्यंत गेला, ताठ उभा राहिला आणि त्यानं सलाम ठोकला.

“मला कायबी तकलीफ नाय साहेब. माझं मी सगळं करतो.”

साहेबांनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “हवालदार, आम्हाला खुळे समजता का?” माझ्या कानशिलाला आग लागली. इतक्या वर्षांची वर्दी, आणि जाताजाता खोटारडा ठरलो. बाबांचं नाव तिथंच कटलं.

बराकीत आणेपर्यंत त्यांचे पाय लटपटत होते, सदरा घामानं चिंब झाला होता. शेजारच्या खाटेवरच्यानं सांगितलं की माझी पाळी नसली की बाबा भिंत धरून चालायचा सराव करायचे, रडत रडत करायचे. म्हणजे ठरवून केलेलं होतं सगळं.

“फसवलंस तू मला,” मी म्हणालो. ‘तू’ पहिल्यांदाच निघालं.

“घरी जाऊन काय करू?” ते म्हणाले. “पोरगं दिवसभर रिक्षावर. मला काय सुनेनं धरायचं? इथं तुम्ही हायेत ना.”

याला माया म्हणायचं की लबाडी, मला आजही ठरवता आलेलं नाही. तेव्हा तर लबाडीच वाटली. मी त्यांना उचलत होतो, धूत होतो, पण बोलणं टाकलं. ते काहीबाही विचारायचे आणि मी भिंतीकडं बघायचो. असे बरेच दिवस गेले. एकदा पाय शेकताना ते म्हणाले, “आता रुसवा सोडा, हवालदारसाब. आपल्याला लई दिवस काढायचेत.”

माझा संताप उफाळला. “कसले दिवस? या महिनाअखेरीला मी रिटायर होतोय.”

बाबांनी पाय ओढून घेतला. “हे कधीपसून ठावं व्हतं तुम्हाला?”

मी शेकायचं फडकं खाली ठेवलं.

“आधी बोलले असते तर त्या साहेबाम्होरं लोळण घेतली असती मी.”

“कैद्याला सांगायचं नसतं,” मी म्हणालो. “शिरस्ता आहे आमचा.”

“म्हंजी मी बी कैदीच व्हतो व्हय तुम्हाला.”

संध्याकाळी त्यांना संडासला न्यायची वेळ झाली तेव्हा मी नेहमीसारखा वाकलो, काखेत हात घालू लागलो. त्यांनी माझा हात बाजूला केला.

“दुसऱ्या कुणाला बोलवा,” ते म्हणाले. “आजपसूनच सवय लावलेली बरी.”

मी दारातल्या शिपायाला हाक मारली.