पिंक कुठे पडते

लेकीच्या भौतिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेसाठी मी यादी केली होती: ओळखपत्र, वही, पेन, पाणी. जादा गणवेश त्यात नव्हता. शाळेच्या फाटकाशी धावत्या जीपमधून एकाने पानाची पिंक टाकली आणि लेकीचा पांढरा सदरा लाल झाला.

"ताई, मी तर तुमच्या बऱ्याच अलीकडे थुंकलो होतो!" जीप थांबवून तो लाल दात दाखवत हसला.

"काका, गाडीचा वेग थुंकीलाही असतो. ती पुढेच येणार," लेक म्हणाली.

तोंडातून सुटलं की आपला संबंध संपला, असं मानणाऱ्या त्या हसण्याची डागापेक्षा जास्त किळस आली. वहीने डाग झाकत लेक परीक्षेला गेली. फाटकाशीच नापास झालेला तो मात्र जीप घेऊन पुढे गेला, पुन्हा थुंकत.