उसवलेल्या कादंबरीचा शेवट

बाइंडरच्या दुकानात शिजत्या खळीचा वास आला आणि मी पायरीवरच बसलो. आता पाय लवकर थकतात.

निजामाच्या राज्यातला कळमनुरीचा बाजार आठवला. चार माणसं पुस्तकाभोवती दिसली तरी पोलीस उचलत. म्हणून आम्ही चौघं एकच कादंबरी उसवून वाटून घ्यायचो, आपापली पानं पटक्यात दडवून घरी न्यायचो आणि बाजारच्या दिवशी बैलगाडीच्या सावलीत एकमेकांना तोंडी सांगायचो.

त्या दिवशी माझा भाग सांगून झाला. घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. ताठ्यानं न वाचलेला शेवटही सांगून टाकला, की नायक घरी परततो. शेवटची पानं आमच्यातल्या सखारामकडे होती. हरभऱ्याचे घाटे सोलत तो हसला.

“बीए झालास गड्या, पण शेवट तसा न्हाई.”

“मग कसा?”

“काहून घाई करून राहिला? थोडं वाचायचं हाय. पुढच्या बाजारी सांगतो.”

पुढच्या बाजाराला येताना पोलिसांनी त्याला वाटेतच धरलं. पटक्यात पानं सापडली. तो परतला नाही.

आज त्याच कादंबरीची दुसरी, अख्खी प्रत बांधायला आणली होती. बाइंडरनं ती चाळली.

“काका, शेवटच्या पानांच्या कडा जोडलेल्याच हायेत, कुणी उघडलीच न्हाईत. कडा कापून देऊ?”

“राहू दे,” मी म्हटलं. “ती माझ्या वाटणीची न्हाईत.”