थोरल्या साडूंचा एकुलता प्रेक्षक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरात बायकोलाही नाही. माझे थोरले साडू मला जगातला सर्वांत उत्तम प्रेक्षक मानतात, आणि त्यांनी सहा-सात वर्षं आठवड्याच्या आठवड्याला पाठवलेल्या फिल्मांपैकी एकही मी बघितली नव्हती. एकही नाही. आता साडू हे नातं तसं बिनकामाचं. एकाच सासुरवाडीच्या पंगतीत शेजारी बसवलेली दोन परकी माणसं. वाढणाऱ्याला 'पुरे, पुरे' म्हणताना एकमेकांकडे बघून हसायचं, एवढाच त्यांचा संबंध. पण आमचे साडू म्हणजे प्रकरणच वेगळं. दुसऱ्याने केलेल्या कामावर इतका जीव टाकणारा माणूस वसईच्या खाडीपासून अर्नाळ्याच्या किल्ल्यापर्यंत आणखी एक दाखवा, मी मिशी उतरवून देईन.

त्यांचं वेड अॅनिमेशनच्या छोट्या फिल्मांचं. थेटरात तिकीट काढून बघतात त्या फिल्मा वेगळ्या. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एखादा माणूस एकटाच खोलीत बसून वर्षानुवर्षं चित्रं काढतो, किंवा मातीची बाहुली केसभर हलव, फोटो काढ, पुन्हा केसभर हलव असं करत राहतो, आणि शेवटी त्यातून पाच-सात मिनिटांचं काहीतरी निघतं. साडूंचा जीव असल्या फिल्मांत. त्यांना कार्टून म्हटलेलं खपत नाही. माझी बायको एकदा चुकून 'भावोजींची कार्टुनं' म्हणाली, तर शांतपणे म्हणाले, "कार्टून आम्ही दोघं साडू. ही कला आहे." हे वेड त्यांना लागलं दातांच्या डॉक्टरकडे. नुकतेच निवृत्त झाले होते. दवाखान्यातल्या टीव्हीवर काड्यापेटीतल्या दोन काड्यांची गोष्ट चालू होती, एक जळून गेलेली आणि एक कोरी. साडूंचा नंबर आला, त्यांनी मागच्या बाईंना पुढे पाठवलं. परत नंबर आला, आणखी एकाला पाठवलं. शेवटी दाढ तशीच ठणकत ठेवून घरी आले आणि ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दारातच म्हणाले, "अगं, काडी रडली." ताईंना वाटलं भूल चढली आहे.

भुईगावात त्यांचं बैठं घर आहे, पुढे अंगण, आणि अंगणाला लागून शेजारच्या ख्रिस्ती काकांच्या घराची आडवी भिंत. ही भिंत म्हणजे साडूंचा पडदा. काका दरवर्षी नाताळच्या आधी घर रंगवतात. एका वर्षी त्यांनी पोपटी रंग आणला तेव्हा साडूंच्या घशाखाली घास उतरेना. काका शिडीवर, साडू खाली शिडी धरून उभे, दोघांत काय बोलणं झालं देव जाणे, पण आजही ते घर तीन बाजूंनी पोपटी आणि एका बाजूने पांढरंफटक आहे. पाहुण्यांनी विचारलं की काका सांगतात, "तो थेटराचा भाग, आपला नाय."

गणपतीत साडू रोज फिल्म दाखवतात. पहिल्या वर्षी आरती, मग प्रसाद, मग फिल्म असा क्रम ठेवला. मोदक हातात पडताच भक्तमंडळी पसार. दुसऱ्या वर्षीपासून आरती, मग फिल्म, मग प्रसाद; आणि फिल्म संपेपर्यंत मोदकांच्या ताटाशेजारी ताई पाट टाकून बसलेल्या. साडूंचा दुसरा दंडक असा की शेवटी येणारी नावं संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. जमतील तशा उच्चारांत ते ती सगळी नावं मोठ्याने वाचतात, चित्रं काढणाऱ्याचं, बाहुल्यांचे कपडे शिवणारीचं, नुसता चहा देणाऱ्याचंसुद्धा. एकदा नावांची ओळ संपल्यावर एका आजोबांनी सवयीने "मंगलमूर्ती" म्हटलं आणि सगळं अंगण "मोरया" म्हणून मोकळं झालं. तेव्हापासून तो रिवाजच पडला. बर्फाळ देशातला कुणी एकलकोंडा चित्रकार, ज्याचं नाव त्याच्या गल्लीत कुणाला माहीत नसेल, त्याच्या नावाने भुईगावात मोरया होतो, आणि त्यात काकांचा आवाज सर्वांत खणखणीत असतो.

रस्त्याने चालताना साडूंना माणसं दिसतच नाहीत, फक्त हालचाली दिसतात. कुत्रा अंग झटकतो तेव्हा आधी डोकं की आधी शेपूट, हे ठरवण्यासाठी त्यांनी रिक्षा थांबवलेली मी पाहिली आहे. वसईच्या बाजारात पाचूबंदरच्या एका कोळणीच्या मागे ते तिच्या चालीकडे बघत, स्वतःही तसंच डुलत निघाले होते. बाई गर्रकन वळली. "काय रे मास्तर, काय बघतोस मागनं?" हे कधीच मास्तर नव्हते, पण भिंगाचा चष्मा असला की तिच्या लेखी मास्तर. साडूंनी सगळं समजावून सांगितलं, पाय कसा पडतो, टोपली कशी स्थिर राहते, वगैरे. ती म्हणाली, "मग पुढनं बघ की. मागनं बघशील तर मार खाशील." दुसऱ्या दिवशी साडू तिच्यासाठी फोनवर एक फिल्म घेऊन गेले, त्यात एक मासा परांवर चालत गावात येतो. तिने बघितली आणि शेजारणीला म्हणाली, "हलतोय अजून, म्हंजी ताजा हाय." ही त्यांना आजवर मिळालेली सर्वांत प्रामाणिक दाद, असं ते सांगतात. सर्वांत सखोल दाद मात्र माझी, असंही लगेच सांगतात, आणि मी चपलांकडे बघतो.

मी आचोळ्याला राहतो, नोकरी मुंबईत. साडूंची पहिली फिल्म फोनवर आली तेव्हा मी दमलेलो होतो. खाली सूचना होती, "मांजराकडे बघू नका, त्याच्या सावलीकडे बघा." मी दोन्हींकडे बघितलं नाही. पण वडीलधारा माणूस, काहीतरी कळवायला हवं म्हणून लिहिलं, "सावली बोलकी आहे." त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले, इतक्या जणांना पाठवली, सगळ्यांनी अंगठा दाखवला, तुम्ही एकट्याने बघितलीत. त्या वेळी खरं बोललो असतो तर दोन मिनिटांची शरम होती. मी बोललो नाही. माझा स्वभावच कमी बोलण्याचा. लोक त्याला सौजन्य समजतात, आणि त्यामागे काय काय लपवता येतं ते माझं मला माहीत. पुढे सवय झाली. त्यांच्या सूचनेवरून अंदाज घ्यायचा आणि रविवारच्या पुरवणीतल्या परीक्षणांचे शब्द वापरायचे. 'संयत.' 'रंगांची कुजबुज.' 'शेवट हलवून गेला.' शेवट नेहमी हलवूनच जायचा.

पुढे एकदा पाठीवर दार घेऊन भिंत शोधत हिंडणाऱ्या माणसाची फिल्म आली. मी ठोकून दिलं, "शेवटी त्याला घर मिळतं, तो क्षण विसरता येत नाही." साडूंनी ते वाक्य मोडक्यातोडक्या इंग्रजीत करून ती फिल्म काढणाऱ्या परदेशी मुलीलाच पाठवलं. तिचं उत्तर आलं. चार वर्षं ती एकटी त्या फिल्मवर बसली होती, आणि शेवटाबद्दल असं तिला कुणीच म्हटलं नव्हतं. तुमच्या साडूंचं वाक्य मी कामाच्या टेबलासमोर चिकटवलं आहे, असं तिने लिहिलं होतं. साडूंनी ते उत्तर सबंध सासुरवाडीला वाचून दाखवलं. मेहुणे टाळ्या वाजवत होते. मी पाणी प्यायला आत गेलो.

गेल्या वर्षी साडूंच्या डोळ्यांचं सुरू झालं. पडद्याचा विकार. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा नाही. डॉक्टरांनी गेलेलं परत येणार नाही असं सांगितलं. मी भेटायला गेलो तर हेच मला धीर द्यायला लागले. म्हणाले, चित्रकारांनी कडेलाही पुष्कळ काढून ठेवलेलं असतं, आजवर त्यांच्यावर अन्यायच होत होता. मग हात चाचपडत माझा गुडघा शोधला आणि म्हणाले, "साडूभाऊ, आता माझ्या फिल्मा तुमच्याकडे आहेत. तेवढ्या तुम्हीच बघितल्यात. मला एकेक सांगत जा. आज ती दाराची सांगा."

मी पोटाचं निमित्त करून न्हाणीघरात गेलो, कडी लावली, फोनमधला तो जुना संदेश शोधून काढला आणि आवाज बंद करून, उलट्या घातलेल्या बादलीवर बसून, त्यांनी पाठवलेली आयुष्यातली पहिली फिल्म बघितली. बाहेरून ताई विचारत होत्या, ओवा देऊ का म्हणून. कुठलीच भिंत त्या माणसाला दार लावू देत नाही. शेवटी तो समुद्रावर येतो, वाळूत दार उभं करतो आणि त्याला पाठ टेकून बसतो. जरा वेळाने दार किंचित हलतं. पलीकडूनही कुणीतरी पाठ टेकलेली असते. संपलं. घरबिर काही नाही. मी तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, तरी बाहेर यायला वेळ लागला.

मग सांगायला बसलो. मला सांगता येत नाही, भराभरा बोलून गेलो, तर साडू म्हणाले, "हळू. तो थांबतो तिथे तुम्हीही थांबा." शेवट सांगून झाला. मी कधीकाळी ठोकलेलं वाक्य त्यांना पाठ होतं हे मला माहीत होतं.

"तुम्ही लिहिलं होतं, शेवटी त्याला घर मिळतं," ते म्हणाले. "त्या मुलीला पटलं होतं. मला पटलं नव्हतं, खरं सांगतो. वाटलं होतं, साडूभाऊंनी घाईत बघितली. आज तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं. पाठ टेकायला कुणीतरी असलं म्हणजे घरच की ते."

तेव्हापासून मी आठवडाभर, जेवणाच्या सुट्टीत, त्यांच्या जुन्या फिल्मा बघतो आणि रविवारी भुईगावला जाऊन सांगतो. काका खुर्ची घेऊन ऐकायला येतात. नावंही वाचतो, चहावाल्यापर्यंत. आता मला सावल्या दिसतात. रस्त्यात कुत्र्याने अंग झटकलं की माझीही पावलं अडतात. साडू म्हणतात माझं सांगणं सुधारलं आहे. हे सगळं तुम्ही लिहून काढा, असं त्यांनीच मला सुचवलं. मी फिल्मांबद्दल लिहायला बसलो आणि हे लिहून झालं.

छापलेलं त्यांना आता वाचता येत नाही. जे काही छापून येतं ते मीच वाचून दाखवतो. म्हणजे हेही मलाच वाचून दाखवावं लागेल, काहीही न गाळता. तेवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.