दर्यावाल्यांचा मान

"आधी माप सांगा."

कुणी काहीही सांगायला आलं की खलिफा हेच म्हणायचे, आणि गळ्यातली फीत दोन्ही हातांनी ताणून समोरच्याच्या नाकापुढे धरायचे. माणूस बंडीबद्दल बोलतोय की घरातल्या भांडणाबद्दल, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. "लई मोठं भांडण झालं, खलिफा!" "किती मोठं? आधी माप सांगा." कपडे शिवणाऱ्याला आमच्या भागात खलिफा म्हणत, त्यामुळे त्यांचं खरं नाव गावात कुणी घेतलंच नाही. कुडाच्या भिंतीपलीकडे त्यांचं यंत्र खडखडायचं, अलीकडे माझं बांगड्यांचं दुकान. बायका हात माझ्याकडे द्यायच्या आणि कान त्यांच्याकडे.

सगळ्यातलं कळणारा एक माणूस तुमच्याही गावात असेलच. आमच्या खलिफांना, जे कधी पाहिलं नाही त्यातलं जरा जास्तच कळायचं.

आमचं गाव डोंगरकड्याच्या पुढं, आडवाटेला. रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, शाळा असून नसल्यासारखी. पण चंपाषष्ठीच्या जत्रेत कोणतं सोंग कुणी घ्यायचं, याचे नियम असे कडक की निजामाच्या कचेरीनं येऊन शिकावं. दुपारी वेशीपासून खंडोबाच्या देवळापर्यंत मिरवणूक निघायची. वाघ पाटलांचा. हत्ती देशमुखांचा, पुढचे पाय थोरला भाऊ, मागचे पाय धाकटा. दोघांचं बांधावरून वाकडं, बोलणं बंद, त्यामुळे वळणावर आमचा हत्ती अर्धा पारावर आणि अर्धा नालीत. अस्वल आमच्या घराचं. धनगरांकडची काळी लोकर अंगावर चढवून भर दुपारी उड्या मारायचा हा मान माझ्या पणज्यानं मिळवला होता. त्यानं अशी कोणती कामगिरी केली होती, देव जाणे.

वाघाचे पट्टे, हत्तीची सोंड, माझ्या अस्वलाचं बूड, सगळं खलिफांच्या हातचं. मिरवणुकीच्या दिवशी ते स्वतः पाराजवळच्या आपल्या ओट्यावर सुईदोरा घेऊन बसत, कुणाचं काही उसवलं तर असावं म्हणून. दरसाल काहीतरी उसवायचंच.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. चावडीवर जत्रेची बैठक भरली होती. खलिफा उठून उभे राहिले.

"पाटील, एक सोंग आमाला बी द्या."

"तुमाला? काहून?"

"काहून म्हंजे? माझा आजा ह्याच गावच्या मातीत गेला, बाप गेला. मी बी हितंच जाणार. मेल्यावर गावचा, आन् जितेपणी ओट्यावर?"

बोलणं इतकं रास्त होतं की सगळ्यांनी ताबडतोब माना खाली घातल्या. कुलकर्ण्यांनी समजावलं की सोंगं वाडवडिलांपासून वाटून झालेली आहेत, माकडसुद्धा शिल्लक नाही. पाटील मोठ्या मनाचे. म्हणाले, "ज्याच्यावर कुणाचाच हक्क न्हाई असं काही सापडलं तर घ्या बापा खुशाल." बैठक खो खो हसली. आमच्या गावात ज्याच्यावर कुणाचा हक्क नाही असं उकिरड्यावरचं खापरसुद्धा मिळालं नसतं.

खलिफा मात्र तडक माझ्या दुकानात आले.

"भाऊ, आपल्या गावात समुद्र कुणाचा हाय?"

"समुद्र? कुणाचाच नाही."

"बराबर!" म्हणाले आणि निघून गेले.

समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. मीही नव्हता, गावात कुणीच नव्हता. कयाधूचा पूर तेवढा पाहिलेला, त्याच भांडवलावर या गृहस्थानं समुद्रात राहणारी एक अख्खी जमात घडवायला घेतली. माणसं नव्हेत हं! माणूस म्हटलं की त्यावर कुणाचा तरी हक्क निघणार, म्हणून त्यांनी ते आधीच टाळलं.

शिवणाऱ्याला अंगाशिवाय सुचणार काय? पहिलं अंग ठरलं. गळा नाही, डोकं थेट खांद्यावर.

"गळा काहून नाही?"

"पाण्यात अख्खं अंगच वळतं, गळा कशाला पायजे? आन् गळा न्हाई म्हंजे कॉलर न्हाई. कॉलरीत लई तकलीफ हाय."

म्हणजे दर्यावाले निर्माण झाले ते कॉलरीच्या कंटाळ्यातून. डोळ्यांना पापण्या नाहीत. कान गुडघ्यांवर. अंगाला निळा-हिरवा रंगवलेला मांजरपाट, वर बेगडाचे खवले. श्वास घ्यायला दोन्ही बरगड्यांवर काजं पाडली. मी विचारलं, मग बटनं? तर माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की विचारू नका. "बटनं लावली तर गुदमरून मरतील की ते!"

आणि प्रत्येकाच्या कमरेला पाण्याची चामडी पिशवी.

"खलिफा," मी म्हणालो, "अहो, ते राहतात समुद्रात. पाण्यात राहणारा पाण्याची पिशवी घेऊन कशाला हिंडेल?"

"ते खारं असतंय ना! एवढं मोठं पाणी आन् पेयाला थेंब न्हाई. पाऊस पडला की सगळे वर येतात, पिशव्या भरून घेतात, मग सालभर पुरवून पुरवून पेतात."

झालं! समुद्राच्या तळाशीसुद्धा आमच्या लोकांनी आपला उन्हाळा नेऊन ठेवला. हैदराबादच्या दरबारात कुणा नवाबानं दर्यावाले कल्पिले असते तर मोत्यांचे महाल बांधले असते. आमच्यांनी पखाल बांधली.

"आन् आपल्या पिशवीतलं आपण पेयाचं न्हाई," खलिफा पुढं म्हणाले. "दुसऱ्यानं पाजायचं. त्यांचा कायदाच हाय तसा."

"आणि कुणी पाजलंच नाही तर?"

त्यांनी गळ्यातली फीत काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली.

"मग ते दर्यावाले कसले, भाऊ?"

ही बातमी गावात पसरली आणि चौकशीला ऊत आला. नवी जमात गावात शिरायची म्हणजे तिची कुंडली नको का मांडायला?

पाटलांनी विचारलं, "त्यांच्यात पाटील कोण?"

"कुणीच न्हाई."

"पाटलाबिगर चालतं कसं त्यांचं?"

"चालत न्हाईत, पाटील. पोहतात."

कुलकर्ण्यांना वेगळीच चिंता. "शिवाशिव कशी पाळतात ते?"

"एकाच पाण्यात राहतात, कुलकर्णी. बाटायचं ते कवाच बाटून गेलं."

"अन् शेतसारा? तो कुणाला भरतात?"

"म्हणून तर बुडाशी जाऊन राहिले."

त्या वर्षी हत्तीच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी, दर्यावाला निघाला. पाय जोडून, टुणटुण उड्या मारत. एकटाच. कुणीतरी ओरडलं, "बाकीची जमात कुठाय?" "पाण्याखाली हाय!" प्रत्येक दारापुढे तो थांबायचा, कमरेची पिशवी पुढं करायचा आणि ओंजळ तोंडाशी धरून उभा राहायचा. घरातली बाई येऊन त्याच्याच पिशवीतलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतायची. पाणी वरून ओतायचं असल्यानं धर्मालाही काही त्रास नव्हता. गावानं हे ताबडतोब लक्षात घेतलं आणि मनापासून कौतुक केलं.

दोन-चार जत्रा गेल्या. बायका आता वाघासाठी थांबत नव्हत्या, दर्यावाल्यासाठी थांबत. वाघाला हे कसं सोसावं? पाटलांनी निरोप पाठवला, दर्याचा राजा शिवा, तो मी होईन, तुम्ही शिपाई व्हा.

"त्यांच्यात राजा न्हाई," खलिफा म्हणाले. "मुकुटाला माप कुठून आणू?"

पाटलांनी अबोला धरला. वाघाचं कातडं कळमनुरीच्या शिंप्याकडून शिवून आणलं. ऐन जत्रेत, पाराजवळ पाटलांनी डरकाळी फोडून झेप घेतली आणि वाघ मागून थेट कमरेपर्यंत उसवला. आत लाल चड्डी. गाव हसून लोळायच्या बेतात. इतक्यात शेवटून दर्यावाला उड्या मारत पुढं आला, ओट्यावरची सुई उचलली आणि भर रस्त्यात वाघाच्या मागे बसून टाके घालू लागला. "हालू नका, पाटील. टोचंल." पाटील हलले नाहीत. जत्रा संपल्यावर खलिफांच्या ओट्यावर बसून ते पान खाताना दिसले.

मग ते वर्ष आलं. आधी एकांची दहशत होती. निजामाचं राज्य गेलं आणि दुसऱ्यांची सुरू झाली. आसपासच्या गावांतून बातम्या यायच्या, त्या मी इथं सांगत बसत नाही. आमच्या गावात काही झालं नाही, हे आम्ही फार छाती काढून सांगतो. खरंच काही झालं नाही. फक्त खलिफांकडे कुणी कापड टाकेना. ते पाराकडे आले की बोलणी थांबायची. काही घरांतली पोरं त्यांच्या दारावरून जाताना ओरडून जायची आणि त्या घरांतली मोठी माणसं नेमकी त्याच वेळी बहिरी व्हायची.

एका सकाळी दारात बैलगाडी लागली. यंत्र चढलं, ट्रंक चढली, खाला चढल्या. खाला म्हणजे त्यांच्या घरच्या.

"लेकीकडं जाऊन येतो, हैद्राबादेकडं," खलिफा म्हणाले. आम्ही सगळे गोळा झालो. गोळा व्हायला आमचं गाव कायम तयार असतं.

"जाऊ नका, खलिफा," मी म्हणालो. "आमी हाव ना."

"हाव म्हंजे किती जण?"

कुणी आकडा सांगितला नाही. ते गाडीत बसले. पाटील मागे उभे होते, त्यांनी पागोटं काढून पुन्हा नीट बांधलं. गाडी ओढ्याकडे उतरली. मला रडू आलं. भिंतीपलीकडची ती खडखड बंद झाल्यावर दुकानात बसवेना.

महिन्या-दोन महिन्यांत चंपाषष्ठी आली. चावडीवर बैठक. कुलकर्ण्यांनी विषय काढला, दर्यावाल्यांचं सोंग रिकामं झालं आहे, कुणाला द्यायचं? देशमुखांचा धाकटा ताडकन उठला.

"मला द्या. जन्मभर मागचे पाय झालो. आता मला काहीतरी तोंड पायजे."

बैठक हसली. पाटील हसले नाहीत.

"ते सोंग खलिफाच्या घराचं हाय," ते म्हणाले.

"पण घर तर गेलं, पाटील!"

"गेलं म्हंजे? लेकीकडं गेलं. तू सासरवाडीला जाऊन बसतोस तवा तुझे मागचे पाय दुसऱ्याला देतो का आमी? मान घराचा असतो. ते येतील तवा काढतील. तोवर कुणी हात लावायचा न्हाई."

गावाच्या या कुजकट नियमांची मी जन्मभर टिंगल केली. वाडवडिलांचं, घराण्याचं, मानाचं. ऐकून ऐकून कान किटले होते. त्या दिवशी मात्र पाटलांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. त्यांना सवय लागली असती.

मिरवणूक निघाली. पुढं वाघ, मग मी, मग दोन तोंडांनी चालणारा हत्ती. कळमनुरीचा शिंपी काही धड शिवत नाही, माझी लोकर वाटेतच गळू लागली. देवळापाशी पोचलो. हत्तीही कसाबसा पायऱ्यांना लागला. हलगीवाल्यांनी हात आवरता घेतला, काठ्या बगलेत मारल्या.

पाटलांनी वाघाचं मुंडकं काढून काखेत धरलं होतं. चेहरा घामानं निथळत होता.

"थांबलात काहून?" ते हलगीवाल्यांवर खेकसले. "वाजवा. अजून एक घर यायचंय."

हलग्या पुन्हा सुरू झाल्या. सगळं गाव वेशीकडे तोंड करून उभं राहिलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं.